ट्राम जुनी झाली म्हणून मेली नाही

दर दोन-तीन महिन्यांनी ऑफिसच्या ग्रुपवर कुणीतरी तीच रील टाकतं. कृष्णधवल मुंबई, मोकळे रस्ते, डुलत जाणारी डबलडेकर ट्राम, मागे एखादं जुनं गाणं. खाली बदामांचा पाऊस आणि एक ठरलेली कमेंट: 'काय दिवस होते! पण काळाबरोबर बदलावंच लागतं.'

मला राग येतो तो या दुसऱ्या वाक्याचा. ट्राम काळाबरोबर बदलली नाही म्हणून गेली, असं आपण गृहीत धरतो. तिचा इतिहास वेगळंच सांगतो.

मुंबईत पहिली ट्राम ९ मे १८७४ ला धावली, कुलाबा ते पायधुणी आणि बोरीबंदर ते पायधुणी या मार्गांवर. ती घोडे ओढायचे. वीज आली तशी घोड्यांची ट्राम १९०५ मध्ये थांबली आणि ७ मे १९०७ ला विजेवरची धावू लागली. गर्दी वाढली तेव्हा १९२० मध्ये डबलडेकर आली. सुरुवातीला तीन आणे असलेलं भाडं पुढे एक आण्यापर्यंत खाली आलं. घोडा ते वीज, एक मजला ते दोन मजले, तीन आणे ते एक आणा. याला न बदलणं म्हणायचं?

यात इंग्रजांचे गोडवे गाण्याचा प्रश्न नाही. कंपनीने ट्राम नफ्यासाठी चालवली, उपकार म्हणून नाही. पण १९४७ च्या ऑगस्टमध्ये, स्वातंत्र्याच्या आठवडाभर आधी, ती महापालिकेच्या हातात आली, म्हणजे लोकांची झाली. त्यानंतर सतरा वर्षांत, ३१ मार्च १९६४ च्या रात्री, बोरीबंदरहून दादरला शेवटची ट्राम गेली. दादर टीटीमधला एक 'टी' ट्रामचा आहे. आज तिथे उभं राहून कॅब बुक करणाऱ्या किती जणांना हे माहीत असेल?

ट्रामच्या विरोधातले मुद्दे खोटे नव्हते, हेही मान्य करू. रूळ रस्त्याच्या मधोमध, त्यामुळे चढताना-उतरताना जीव मुठीत. एक गाडी बंद पडली की मागच्या सगळ्या खोळंबल्या. बस वळसा घालून पुढे जाऊ शकते, ट्राम नाही. पण १९०७ मध्येही रूळ मधोमधच होते. मधल्या काळात बदलला तो रस्ता. त्यावर मोटारी वाढल्या, त्या रुळांवर येऊन थांबू लागल्या आणि 'ट्राममुळे ट्रॅफिक अडतं' असा निकाल लागला. अडवलं कुणी आणि आरोपी कोण?

मी सॉफ्टवेअरमध्ये काम करतो. आमच्याकडे याला स्टार्व्हेशन म्हणतात. एखाद्या प्रोसेसला लागणारा रिसोर्स दुसऱ्याच प्रोसेस सतत बळकावतात आणि ती रांगेत ताटकळत राहते. लॉगमध्ये एवढंच दिसतं की ही प्रोसेस फार स्लो आहे. नवशिक्या इंजिनिअर तिलाच किल करतो. सिनिअर आधी विचारतो, रिसोर्स कुणी धरून ठेवलाय?

आपल्या शहरांनी नवशिक्याचं काम केलं. चेन्नईने १९५३ मध्ये ट्राम बंद केली, दिल्लीने १९६३ मध्ये. १८७३ पासूनची कोलकात्याची ट्राम टिकून होती, तर २०२४ मध्ये तिथल्या सरकारनेही एक छोटा हेरिटेज टप्पा सोडून ती बंद करण्याचं जाहीर केलं. कारण तेच, ट्रॅफिक. उलट पॅरिसने १९३० च्या दशकात शहरातली ट्राम काढून टाकली आणि १९९२ मध्ये नव्या मार्गावर परत आणली. या वेळी तिला स्वतःची जागा दिली.

इतकं लांब कशाला जायचं? मी परभणी जिल्ह्यातला, जिंतूर तालुक्यातला. आमची मनमाड-परभणी लाईन निजामाच्या काळातली, मीटरगेज. ती जुनी झाली म्हणून कुणी रूळ उखडून 'आता आपापल्या गाड्या घ्या' असं म्हटलं नाही. नव्वदच्या दशकात तिचं ब्रॉडगेज केलं. आज देवगिरी एक्सप्रेस परभणीच्या माणसाला थेट सीएसएमटीला उतरवते, म्हणजे त्याच बोरीबंदरला, जिथून शेवटची ट्राम निघाली होती. जुनी वस्तू सुधारता येते. फक्त सुधारायची इच्छा लागते.

आता पुण्याकडे या. भारतातला बीआरटीचा पहिला प्रयोग २००६ मध्ये इथे कात्रज-स्वारगेट-हडपसर मार्गावर झाला. बसला वेगळी लेन, म्हणजे ट्रामला जे कधी मिळालं नाही नेमकं तेच. नगर रोडवरही पुढे अशी लेन आली, आणि अलीकडे ती काढूनही टाकली. कारण? तुम्ही ओळखलंच असेल.

इथे मला स्वतःबद्दलही सांगायला हवं. मी नगर रोडने ऑफिसला जातो. उशीर झाला की त्या बसच्या लेनमध्ये मी बाइक घातली आहे, एकदा नाही, अनेकदा. लेन निघाली तेव्हा मनात म्हटलं, बरं झालं, रस्ता मोठा झाला. काही दिवसांत त्या जागेतही गाड्या उभ्या. एका बसच्या जागेत जेमतेम तीन कार मावतात. बसमध्ये साठ माणसं, तीन कारमध्ये बहुतेक वेळा तीनच. हे गणित मला येत होतं. तरीही मी साठांच्या वाटेत उभा राहिलो.

आणि मी कोण? कॉलेजची सगळी वर्षं पास खिशात ठेवून एसटीने गेलेला मुलगा. जिंतूरला आजही रेल्वे नाही. एसटी आहे म्हणून तिथलं पोर शिकायला परभणीला जातं, म्हातारं माणूस दवाखान्यात पोचतं. मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे. माझी आई आता कुणाला न विचारता माहेरी जाऊन येते. ही गाडी तिला कुणी 'काळाबरोबर बदला' म्हणून बंद केली, तर आई काय कॅब बुक करणार आहे?

म्हणून ही भीती खरी आहे. मुंबईत बेस्टच्या ताफ्यात एके काळी चार हजारांच्या वर बस होत्या, आता त्या तीन हजारांच्याही खाली आल्या आहेत. तिथेच कोस्टल रोडवर हजारो कोटी खर्च झाले आणि त्या रस्त्यावर दुचाकीला, रिक्षाला प्रवेश नाही. ट्रामच्या वेळी जे झालं त्याचीच ही पुढची पायरी आहे. आधी जागा द्यायची नाही, मग पैसे द्यायचे नाहीत, मग 'लोक वापरतच नाहीत' म्हणायचं, आणि साठ वर्षांनी रील बनवायची.

लाल डबलडेकरच्या रील आल्यासुद्धा. सप्टेंबर २०२३ मध्ये मुंबईतली डिझेलवरची शेवटची डबलडेकर गेली तेव्हा लोक हार घेऊन आले होते. त्यातले किती जण एरवी त्या बससाठी भांडले असतील?

ट्राम परत आणा, असं मी म्हणत नाही. जे अजून धावतंय त्याला रस्ता द्या, एवढंच म्हणतोय. महापालिकेच्या निवडणुकीत मत मागायला येणाऱ्याला विचारा, तुमच्या वॉर्डात बसला वेगळी लेन देणार का? उड्डाणपुलाचं आश्वासन दिलं, तर त्यावरून बस जाणार का, तेही विचारा. मी त्या लेनमध्ये बाइक घालणं बंद करायचं ठरवलं होतं. पण आता लेनच उरलेली नाही. तेव्हा निदान ती परत मागणाऱ्यांत तरी मी असेन.