नवशिक्याला आधी डावाचा शेवट शिकवा

मुलाला बुद्धिबळाच्या क्लासात घातलं की थोड्याच दिवसांत घरी एक वही येते. तिच्यात इटालियन, रुय लोपेझ, सिसिलियन अशी भारदस्त नावं असतात आणि प्रत्येक नावाखाली आठ-दहा खेळ्या. मूल त्या पाढ्यांसारख्या घडाघडा म्हणून दाखवतं आणि आईवडिलांना वाटतं, प्रगती चालली आहे. या पद्धतीच्या समर्थकांचं म्हणणं असं की सुरुवातच बिघडली तर पुढे खेळायला काही उरत नाही, म्हणून आधी ओपनिंग पक्कं करून घ्यावं, बाकीचं खेळता खेळता येतं. ऐकायला हे पटतं. नवशिक्याच्या बाबतीत मात्र ते साफ चुकीचं आहे, आणि त्यापायी अनेक मुलांची खेळाची गोडी जाते, म्हणून त्याचा समाचार घ्यायलाच हवा.

एक डाव पाहू. पांढऱ्याने राजापुढचं प्यादं दोन घरं पुढे टाकलं, काळ्यानेही. दोघांनी एकेक घोडा बाहेर काढला. मग पांढऱ्याचा उंट सी-४ वर आला. इथवर सगळं वहीतल्या इटालियनसारखं. आता काळा वहीत नसलेली खेळी करतो, आपला घोडा उडवून डी-४ वर नेतो. ई-५ वरचं काळं प्यादं उघडं पडलेलं दिसतं. पाठांतर संपलेलं असतं, प्यादं फुकट दिसतं आणि पांढरा घोड्याने ते मारतो. काळा वजीर जी-५ वर येतो. त्या एका घरावरून त्याचा डोळा घोड्यावरही असतो आणि जी-२ च्या प्याद्यावरही. पांढऱ्याला अजून आनंदच, कारण घोडा एफ-७ वर गेला तर वजीर आणि हत्ती एकदम माऱ्यात येतात. तो जातो. काळा जी-२ चं प्यादं मारतो. पांढरा हत्ती वाचवण्यासाठी एफ-१ वर सरकवतो. वजीर ई-४ वर प्यादं मारून शह देतो, पांढरा उंट ई-२ वर आडवा घालतो, काळा घोडा एफ-३ वर बसतो आणि सातव्या खेळीला मात होते. पांढऱ्या राजाला हलायला एक घर नाही, भोवती सगळ्या त्याच्याच सोंगट्या.

हा सापळा जुना आणि जगभर माहीत असलेला आहे. काळ्याची ती खेळी खरं तर फारशी चांगलीही नाही. पांढऱ्याने शांतपणे घोड्याने घोडा मारला असता तरी त्याचं बरं चाललं असतं. हरला तो ओपनिंग न आल्यामुळे नाही. समोरच्याची खेळी काय करते आहे, हा प्रश्न त्याने एकदाही स्वतःला विचारला नाही म्हणून हरला.

यावर वहीवाले म्हणतात, मग हा सापळाही वहीत घालू. घाला. पण किती घालणार? पांढऱ्याला पहिली खेळी वीस प्रकारांनी करता येते, काळ्यालाही वीस प्रकारांनी. दोघांची एकेक खेळी झाली की ४०० शक्यता होतात. दोन-दोन खेळ्या झाल्या की खेळ्यांचे १,९७,२८१ वेगवेगळे क्रम संभवतात. त्यातले बरेच निरर्थक असतात हे खरं, पण नवशिक्यासमोर बसलेला दुसरा नवशिक्या निरर्थक खेळीच जास्त करतो. त्याने वही वाचलेली नसते, त्यामुळे वहीतली उत्तरं त्याच्यापुढे चालत नाहीत.

पाठांतराच्या बाजूने आणखी एक मुद्दा मांडला जातो. मोठ्या खेळाडूंची स्मरणशक्ती अफाट असते, तेव्हा लहानपणापासून स्मरणशक्तीच घोटून घ्यावी. १९७३ साली विल्यम चेस आणि हर्बर्ट सायमन या अमेरिकी संशोधकांनी, डच मानसशास्त्रज्ञ आद्रियान द ख्रोट यांच्या आधीच्या कामाला धरून, हेच तपासलं. खऱ्या डावातली मांडणी पाच सेकंद दाखवून झाकली तर निष्णात खेळाडू ती जवळपास जशीच्या तशी मांडायचा, नवखा अडखळायचा. पण सोंगट्या कशाही विस्कटून ठेवल्या तेव्हा निष्णाताची आघाडी जवळजवळ नाहीशी झाली. म्हणजे त्याच्याकडे मोठी कोठी नव्हती, ओळखीचे आकार होते: इथे राजा कोंडलाय, तिथे घोडा दुहेरी मारा करणार आहे. हे आकार अर्थ कळून, सोडवून सोडवून डोळ्यांत बसतात. अर्थ न कळता घोकलेल्या खेळ्यांचं तसं होत नाही.

मीर सुलतान खान यांचं उदाहरण तर या वादात निकाल लावणारं आहे. पंजाबातले सुलतान खान देशी पद्धतीने खेळायला शिकले. त्या पद्धतीत प्यादं पहिल्या खेळीला दोन घरं जात नाही, म्हणजे युरोपातली ओपनिंगची सगळी पुस्तकं तिथे निरुपयोगी. आपले आश्रयदाते सर उमर हयात खान यांच्याबरोबर ते इंग्लंडला गेले आणि १९२९ मध्ये ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले. १९३२ आणि १९३३ मध्ये पुन्हा जिंकले. १९३०-३१ च्या हेस्टिंग्ज स्पर्धेत त्यांनी खुद्द माजी जगज्जेत्या कापाब्लांकाला हरवलं. त्यांची सुरुवात अनेकदा वाईट व्हायची, मधला डाव आणि शेवट मात्र ते विलक्षण खेळत. २०२४ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर कित्येक वर्षांनी, फिडे या जागतिक बुद्धिबळ महासंघाने त्यांना मानद ग्रँडमास्टर किताब दिला.

विरोधकांच्या म्हणण्यात एक गोष्ट खरी आहे आणि ती मान्य केली पाहिजे. नाशिकचा विदित गुजराथी किंवा २०२५ मध्ये बाटुमीला महिला विश्वचषक जिंकणारी नागपूरची दिव्या देशमुख ज्या पातळीवर खेळतात, तिथे ओपनिंगच्या तयारीशिवाय निभाव लागत नाही. पण त्या पातळीवर कोणी घोडा फुकट घालवत नाही. बाकीच्या चुका संपल्यावर अर्ध्या प्याद्याएवढा फायदा मोलाचा ठरतो. ज्याचे डाव वजीर माऱ्यात ठेवल्यामुळे हरले जातात, त्याला तो अर्ध्या प्याद्याचा फायदा काय कामाचा? त्याला सुरुवातीसाठी एवढं पुरे: मधली घरं धरा, घोडे-उंट बाहेर काढा, लवकर कॅसलिंग करून राजा सुरक्षित करा, वजीर उगाच पुढे पळवू नका.

मग शिकवायचं काय? कापाब्लांकाने १९२१ मध्ये, म्हणजे जगज्जेता झाला त्याच वर्षी, ‘चेस फंडामेंटल्स’ हे पुस्तक प्रसिद्ध केलं. त्यात सुरुवात ओपनिंगने होत नाही, एका हत्तीने आणि राजाने मात कशी करायची इथून होते. कमी सोंगट्यांत प्रत्येकीची ताकद दिसते, हा त्यामागचा विचार.

त्याचा प्रत्यय घ्यायला पटावर तीनच सोंगट्या ठेवा. पांढरा राजा ई-५ वर, त्याच्या मागे ई-४ वर त्याचं प्यादं, समोर काळा राजा ई-७ वर. खेळी काळ्याची असेल तर पांढरा जिंकतो. काळ्या राजाला वाट सोडावीच लागते. तो एका बाजूला सरकला की पांढरा राजा दुसऱ्या बाजूने पुढे घुसतो आणि प्याद्याचा वजीर होतो. सोंगट्या त्याच, घरं तीच, पण खेळी पांढऱ्याची असेल आणि काळा नीट समोर उभा राहत गेला, तर डाव बरोबरीत सुटतो. मुलाला उत्तर सांगू नये. एकदा त्याला पांढरा द्यावा, एकदा काळा, आणि खेळू द्यावं. एका खेळीची किंमत काय, राजा हीसुद्धा लढणारी सोंगटी कशी, हे त्याला तिथे हाताने कळतं. एका प्याद्यावर अख्खा डाव फिरतो हे ज्याने पाहिलं, तो पुढे सुरुवातीलाही प्यादं सहजासहजी टाकत नाही.

दुसरी गोष्ट, कोडी. लास्लो पोल्गार या हंगेरियन शिक्षकाने तीन मुलींना घरीच बुद्धिबळ शिकवलं. धाकटी युदित १९९१ मध्ये पंधराव्या वर्षी ग्रँडमास्टर झाली. त्याच्या ५,३३४ कोड्यांच्या जाडजूड ग्रंथात पहिली ३०६ कोडी एका खेळीत मात करण्याची आहेत. पालकांना ती पोरकट वाटतील. पण रोज अशी दहा कोडी घाई न करता सोडवणाऱ्या मुलाला महिन्याभरात पटावर मात दिसू लागते, आणि आपल्यावर होऊ घातलेलीही दिसते.

तिसरी गोष्ट सगळ्यात कष्टाची, आणि म्हणून सगळ्यात जास्त टाळली जाणारी: हरलेला डाव पुन्हा मांडणं. जगज्जेता मिखाइल बोत्विनिक स्वतःच्या डावांचं कठोर विश्लेषण करण्यावर आयुष्यभर जोर देत राहिला. कार्पोव्ह, कास्पारोव्ह आणि क्राम्निक हे पुढचे तिघे जगज्जेतेही त्याच्या शाळेत शिकले. आज मोबाइलवरचं इंजिन क्षणात चूक लाल रंगात दाखवतं. मूल ‘हो, इथे चुकलं’ म्हणतं आणि लगेच पुढचा तीन मिनिटांचा डाव सुरू करतं. अशा झटपट डावांनी बोटं सरावतात, विचार करण्याची सवय लागत नाही. इंजिन उघडण्याआधी मुलाने स्वतः सांगितलं पाहिजे की कुठे घसरलं आणि त्या वेळी त्याच्या मनात काय होतं. शिक्षकाला नेमकं तेच ऐकायला हवं, कारण दुरुस्त करायची असते ती विचार करण्याची पद्धत.

त्यासाठी एका डावामागे अर्धा तास जातो आणि वीस मुलांच्या वर्गात तो काढणं सोपं नसतं. ओपनिंगची वही वीस जणांना एकदम लिहून देता येते. ती पद्धत रुळण्याचं हे एक मोठं कारण आहे. म्हणून पालकांनीच आग्रह धरायला हवा. क्लासची चौकशी करताना किती ओपनिंग शिकवता हे विचारू नका. मुलाने हरलेला डाव शिक्षक त्याच्याबरोबर पटावर मांडून पाहतात का, हे विचारा. ‘नाही’ असं उत्तर आलं तर दुसरा क्लास शोधा, आणि तो मिळेपर्यंत संध्याकाळी स्वतः मुलासमोर बसा. तीन सोंगट्यांची ती मांडणी लावायला तुम्हाला बुद्धिबळात पारंगत असण्याची गरज नाही.