पडला, पण वाचला!



इथल्या घरांतल्या कार्पेटला आपण किती नावं ठेवली असतील! धूळ धरतं, धुता येत नाही, त्यापेक्षा आपली फरशी बरी. पण या वेळी कार्पेटची बाजू घ्यायची आहे, बरं का!

हल्ली तरुण मंडळींत जुन्या डिजिटल कॅमेऱ्यांची टूम निघाली आहे. हातात उत्तम फोन असतो, तरी आईबाबांचा वीस वर्षांपूर्वीचा कॅमेरा हवा. आमच्या परिचयातल्या एका घरी युनिव्हर्सिटीत शिकणाऱ्या लेकीनं असाच कॅमेरा कपाटातून काढला, चार्ज केला. पाहते तर आतल्या कार्डावर आजींच्या इथल्या एकमेव मुक्कामाचे फोटो! आजी आता नाहीत, आणि त्या फोटोंच्या प्रती कुठेच नव्हत्या. सगळे बघायला जमले, कॅमेरा टेबलावर ठेवला, धाकट्याचा हात पट्ट्यात अडकला आणि कॅमेरा धाडकन् खाली! "अगं बाई!" म्हणून आई किंचाळली, ती काही कॅमेऱ्यासाठी नव्हे.

उचलून बघितला तर एक कोपरा चेपलेला, बाकी सगळं ठाकठीक. देव पावला म्हणा, पण थोडं गणितही पावलं.

जेवणाचं टेबल साधारण ७५ सेंटिमीटर उंच. तिथून पडलेली वस्तू जमिनीला टेकते तेव्हा तिचा वेग ताशी १४ किलोमीटरच्या आसपास असतो. प्रश्न असतो तो थांबण्याचा. फरशीवर ती एका मिलिमीटरमध्ये थांबली, तर २०० ग्रॅमच्या कॅमेऱ्याला सरासरी दीडशे किलो वजनाइतका दणका बसतो. कार्पेट आणि त्याखालचं अंडरले मिळून एक सेंटिमीटर दबलं, तर तोच दणका पंधरा किलोवर येतो. शिवाय कॅमेरा बंद होता, लेन्सची नळी आत होती. ती बाहेर असती तर बहुधा वाकलीच असती.

आपल्याकडे असं झालं तर काय करावं? घाईनं बटणं दाबू नका. आधी बॅटरी आणि कार्ड काढा. बॅटरी फुगली किंवा चेपली असेल तर ती पुन्हा चार्ज करू नका. कार्डावरचे फोटो लगेच कॉम्प्युटरवर उतरवा. मग वर्तमानपत्राचं पान भिंतीला लावून फोटो घ्या. एकाच बाजूची अक्षरं पुसट आली तर आतलं भिंग सरकलंय समजा. घरी स्क्रूड्रायव्हर घेऊन मात्र बसू नका. फ्लॅशच्या कपॅसिटरमध्ये बॅटरी काढल्यावरही शेकडो व्होल्ट साठून राहू शकतात. गॅरंटीत पडझड सहसा धरत नाहीत. घरातल्या सामानाच्या विम्यात 'ॲक्सिडेंटल डॅमेज' पुष्कळदा वेगळे पैसे भरून घ्यावं लागतं. पॉलिसी एकदा वाचून ठेवा.

खरं सांगायचं तर मेमरी कार्डात हलणारा भागच नसतो. कॅमेऱ्याचा चक्काचूर झाला तरी कार्ड बहुधा वाचतं. त्याला धोका आहे तो कपाटाचा! वर्षानुवर्षं तसंच पडून राहिलं, तर आतला विद्युतभार हळूहळू ओसरू शकतो आणि फोटो गुपचूप निघून जातात.

लंडनचा कॅमेरा आणि मराठी माणूस हे नातं तसं जुनं. सावेदादा भाटवडेकरांनी लंडनहून कॅमेरा मागवून १८९९ मध्ये मुंबईच्या हँगिंग गार्डनमधली कुस्ती टिपली आणि १९०१ मध्ये केंब्रिजहून परतलेल्या रँग्लर परांजप्यांचं स्वागतही. दादासाहेब फाळके १९१२ मध्ये स्वतः लंडनला येऊन विल्यमसन कॅमेरा घेऊन गेले आणि पुढच्याच वर्षी 'राजा हरिश्चंद्र' पडद्यावर आणला. तो चित्रपटसुद्धा आज पूर्ण मिळत नाही, काही रिळंच उरली आहेत. जिथे फाळक्यांची ही कथा, तिथे आपल्या घरच्या फोटोंची काय!

तेव्हा मंडळी, येत्या सुट्टीत ड्रॉवर उघडा. जुनी कार्डं बाहेर काढा, दोन प्रती करा, एक घरात आणि एक दुसऱ्या गावी भावाबहिणीकडे ठेवा. आणि फोटोत कोण, कुठे, केव्हा, हे घरातली वडीलधारी सांगताहेत तोवर लिहून घ्या. निळ्या लुगड्यातल्या बाई कोणाच्या कोण, हे सांगणारं माणूस काही कार्डावर मिळत नाही!