लेकीच्या गाडीतून धबधब्यांकडे

अमेरिकेत मुलांकडे गेलात, की न्यूयॉर्क राज्यातील फिंगर लेक्सचा बेत एखाद्या शनिवारी ठरतोच. तो ठरताना आपणही बोलावे. वॉटकिन्स ग्लेन उद्यानात १९ धबधबे आहेत खरे. परंतु घळईतल्या वाटेला ८०० हून अधिक दगडी पायऱ्या आहेत, त्याही ओलसर. गुडघे कुरकुरत असतील, तर टगॅनक धबधबा सुचवावा. २१५ फुटांची ती धार, नायगाऱ्याहूनही उंच, वाहनतळाजवळच्या कठड्यावरून निवांत पाहता येते.

माझ्या एका हृदयरुग्ण आजोबांनी अशाच सहलीत लघवीची गोळी परस्पर टाळली. वारंवार गाडी थांबवायला सांगण्याचा संकोच! दुसऱ्या रात्री त्यांना धाप लागली आणि सहल रुग्णालयात संपली. ‘जावयाला कसं सांगणार?’ हे त्यांचे उत्तर मला अजून आठवते.

गोळीची वेळ डॉक्टरांना विचारून बदलता येते. गोळी सोडू नये. पाणीही तोडू नये. दीड-दोन तासांनी थांबून चार पावले चालावे, अन्यथा पायाच्या शिरेत गुठळी होण्याचा धोका वाढतो. इन्सुलिन तापलेल्या डिकीत ठेवू नये. आणि थांबे कुठे घ्यायचे, हे निघण्यापूर्वीच जावयाला सांगून टाकावे.