चेंडूला लगाम

ऑगस्टा नॅशनल या गोल्फ मैदानाच्या तेराव्या होलचा टी 2023 मध्ये तब्बल 35 यार्ड मागे सरकला. त्यासाठी शेजारच्या क्लबकडून जमीन आधीच विकत घेऊन ठेवली होती. तिथे होणाऱ्या मास्टर्स स्पर्धेच्या तिजोरीला हे परवडते. चहूबाजूंनी घरे आणि रस्ते आलेल्या जुन्या मैदानांनी मागे सरकायचे तरी कुठे?

मागे सरकायचे कारण लांबलेले फटके. 1980 मध्ये पीजीए टूरवरचा सरासरी ड्राइव्ह सुमारे 257 यार्डांचा होता. आज तो 300 च्या आसपास आहे. खेळाडू बलदंड झाले हे कबूल. पण घन गाभ्याचा चेंडू आणि टायटेनियमचा ढोल्या डोक्याचा ड्रायव्हर यांनीही हात दिलाच ना! खरी अक्कल लागते ती दुसऱ्या फटक्याला, आणि ड्राइव्ह लांबल्याने नेमका तोच आता बऱ्याचदा वेज या आखूड पल्ल्याच्या क्लबने उरकला जातो.

डिसेंबर 2023 मध्ये यूएसजीए आणि आर अँड ए या गोल्फचे नियम ठरवणाऱ्या संस्थांनी चेंडूची चाचणी कडक करायचे जाहीर केले. चेंडूच्या पल्ल्याची 317 यार्डांची मर्यादा तीच, मात्र चाचणीत क्लबचा वेग ताशी 120 ऐवजी 125 मैल. त्यांच्याच अंदाजाने सर्वांत लांब मारणाऱ्यांचे 13 ते 15 यार्ड घटतील, हौशी खेळाडूचे फार तर पाच. एवढ्यासाठी उत्पादकांनी केवढा गहजब केला! दिग्गज गोल्फपटू जॅक निकलॉस तर कित्येक वर्षे चेंडूला आवरा म्हणून कंठशोष करत आहेत.

आमच्या मते हा नियम हवाच. तक्रार एवढीच, की तो मवाळ आहे आणि निदान वीस वर्षे उशिरा आला.