दिवस वर गेले म्हणजे किती?

भिलाईची पहिली झोतभट्टी १९५९ साली पेटली. त्या सुमारास विदर्भातून येथे आलेली मराठी कुटुंबे आता तिसऱ्या पिढीत आहेत. घरात मराठी, दारात छत्तीसगढी आणि कचेरीत हिंदी असा त्यांचा व्यवहार चालतो. ‘जचकी’ हा शब्द मात्र त्यांना घरातही चालतो आणि दारातही, कारण तो मराठीने व छत्तीसगढीने सारखाच आपला मानलेला आहे.

दोन वर्षांपूर्वी जूनच्या पहिल्या आठवड्यात आमच्या शेजारी एक पहिलटकरीण माहेरी आली होती. दुर्गच्या सासूबाईंच्या हिशेबाने तिचे दिवस भरून वर गेले होते. त्यांनी एरंडेलाची बाटली पाठविली आणि सोबत खजूर, अननस, जिऱ्याचा काढा व रोज दहा वेळा जिना चढण्याची सूचनाही दिली. नागपूरच्या आजीने पंचांग उघडून सांगितले की, अजून जवळजवळ महिना आहे, पोरीला उगाच दमवू नका. दोघींचाही अधिकार मोठा होता, म्हणून घर दोन दिवस स्वस्थ बसले. मूल पूर्वीइतके हलत नाही, असे त्या मुलीने मध्येच एकदा म्हटले होते. परंतु त्या वादात तिकडे कोणाचे लक्ष गेले नाही.

प्रसूती आपोआप कशी सुरू व्हावी, याविषयी लोक पुष्कळ विचारतात. माझ्या मते त्या प्रश्नाआधी दुसरा प्रश्न विचारावयास हवा: दिवस खरोखरच वर गेले आहेत काय, आणि किती?

आपल्याकडे ‘नऊ महिने नऊ दिवस’ म्हणण्याचा प्रघात आहे. जर्मनीतील हायडेलबर्ग येथील प्रसूतिशास्त्रज्ञ फ्रांझ कार्ल नेगेले (१७७८-१८५१) यांच्या नावाचा नियम सांगतो की, अखेरच्या पाळीच्या पहिल्या दिवसात नऊ महिने व सात दिवस मिळवावेत. हे सुमारे २८० दिवस होतात. आपले नऊ महिने इंग्रजी धरले तर बेरीज २८३ दिवसांच्या आसपास येते, आणि चांद्र धरले तर २७५ च्या. नेगेलेंचा आकडा या दोहोंच्या मध्ये बसतो. आपल्या आज्या फारशा चुकत नव्हत्या, असे म्हणावयास हरकत नाही. सुश्रुताने तर नवव्यापासून बाराव्या महिन्यापर्यंत कोणत्याही महिन्यातील जन्म स्वाभाविक मानला आहे. इतकी ऐसपैस मुदत देण्याचे एक कारण गणनेची अडचण हेही असावे, अशी मला शंका येते.

गणनेची ही अडचण अद्याप संपलेली नाही. चांद्र वर्ष ३५४ दिवसांचे असल्यामुळे सुमारे साडेबत्तीस महिन्यांनी एक अधिक मास घालावा लागतो. २०२३ साली अधिक श्रावण आला होता. त्या वर्षी ज्यांनी चैत्र, वैशाख, ज्येष्ठ अशी केवळ नावे मोजली, त्यांचा एक सबंध महिना हिशेबाबाहेर राहिला. भिलाईसारख्या ठिकाणी याहून मोठी मौज आहे. महाराष्ट्राचा महिना अमावास्येला संपतो, छत्तीसगढचा पौर्णिमेला. शुद्ध पक्षात दोन्हीकडे महिन्याचे नाव एकच असते. वद्य पक्षात ते बदलते. गोकुळाष्टमी आम्हांस श्रावण वद्य अष्टमी, तर शेजाऱ्यांस भादव्याची कृष्ण अष्टमी. दिवस तोच, सण तोच, नाव मात्र पुढच्या महिन्याचे.

त्या घरात नेमके हेच घडले होते. सासूबाईंचा जन्म छत्तीसगढातला. सुनेची अखेरची पाळी ‘भादव्याच्या अंधाऱ्या पक्षात’ आली हे त्यांच्या लक्षात होते, आणि ते बरोबर होते. आजीने मराठी पंचांगात भाद्रपद वद्य शोधला. तो येतो एका महिन्याने उशिरा.

या घोळावर साधा उपाय असा की, पाळीची इसवी तारीख त्याच दिवशी भिंतीवरच्या दिनदर्शिकेत टिपून ठेवावी. पहिल्या तीन महिन्यांत केलेल्या सोनोग्राफीवरून गर्भाचे वय पाच-सात दिवसांच्या फरकाने कळते. अखेरच्या महिन्यांतील सोनोग्राफीला ही अचूकता नसते, कारण तोवर मुलांच्या वाढीत फरक पडलेला असतो. इतके करूनही हाती येते ती अंदाजाची तारीख. नेमक्या त्याच दिवशी जन्मणारी मुले शेकडा पाचच्या आसपास. ‘ड्यू डेट’साठी ‘देय दिनांक’ हा शब्द मला सुचविला गेला होता. तो सावकाराच्या वहीतला आहे. त्या दिवशी मूल न जन्मल्यास आई थकबाकीदार ठरते. मी ‘अपेक्षित तारीख’ असे लिहितो.

कळा सुरू कोण करतो? आयुर्वेदाच्या ग्रंथांनी हे काम सूतिमारुत नावाच्या वायूकडे सोपविले. न्यूझीलंडचे लिगिन्स यांनी १९६० च्या दशकात मेंढ्यांवर प्रयोग केले. गर्भातील कोकराची पोषग्रंथी नष्ट केली असता मेंढी वेळेवर वीत नाही, असे त्यांस दिसले. म्हणजे मेंढीत हा इशारा गर्भाकडून येतो. मानवात हे यंत्र अधिक गुंतागुंतीचे आहे आणि त्यात वारेतून स्रवणाऱ्या द्रव्यांचाही वाटा आहे. मात्र गर्भाशयाचे मुख मऊ झाले नसेल तर बाहेरून केलेली घाई बहुधा वाया जाते, एवढे निश्चित.

आता एरंडेलाकडे वळू. ही समजूत सर्वथा निराधार नाही. २०१२ साली जर्मनीतील संशोधकांनी उंदरांवर दाखवून दिले की, एरंडेलातील रिसिनोलेइक आम्ल आतड्यातील व गर्भाशयातील स्नायूंच्या एका विशिष्ट ग्राहकावर काम करते. हा ग्राहक नसलेल्या उंदरांना ना जुलाब होतात, ना गर्भाशय आकुंचन पावते. उंदरांत जे दिसले ते स्त्रियांत दिसावयास हवे होते. २०१३ च्या कोक्रेन आढाव्यात तीन प्रयोगांतील २३३ स्त्रियांच्या नोंदी तपासल्या. निश्चित लाभ आढळला नाही, मळमळ मात्र तेल घेतलेल्या सर्व स्त्रियांना झाली. नंतरच्या काही लहान प्रयोगांत, आधी बाळंत झालेल्या स्त्रियांत थोडा गुण दिसला. भिलाईच्या जूनमध्ये जुलाबांनी शरीरातील पाणी कमी होणे ही किंमत मला त्या गुणाच्या मानाने फार वाटते. खजुराची गोष्ट निराळी. जॉर्डनमधील एका लहान पाहणीत अखेरचे चार आठवडे रोज सहा खजूर खाल्लेल्या स्त्रियांत गर्भाशयाचे मुख अधिक उघडलेले आढळले. मधुमेह नसेल त्या स्त्रीने खजूर खुशाल खावेत, पण त्यावर विसंबू नये. चालणे प्रकृतीस चांगले. अननसाविषयी सांगण्यासारखे काही नाही. स्तनाग्रांना चोळून कळा आणण्याच्या उपायाने गर्भाशयाचे मुख तयार असणाऱ्या स्त्रियांत काही गुण येतो. परंतु जोखमीच्या गर्भिणींवरील एका प्रयोगात त्याच्या सुरक्षिततेविषयीच शंका उत्पन्न झाली. घरी तो करू नये.

हे उपाय करण्यात वेळ जातो, आणि माझा खरा आक्षेप त्यास आहे. वार ही काही मर्यादेपर्यंत टिकणारी वस्तू आहे. सुमारे दीड कोटी गर्भारपणांच्या नोंदींचा एकत्र अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. तीत चाळीस आठवड्यांनंतर मृतजन्माचा धोका आठवड्यागणिक वाढताना दिसतो. आकडा लहान आहे, तरी तो वाढतो. स्वीडनमध्ये २,७६० स्त्रियांवरील प्रयोगात एका गटाची प्रसूती ४१ आठवड्यांस औषधाने सुरू केली, दुसऱ्यास ४२ पर्यंत थांबविले. थांबलेल्या गटात सहा बालके दगावली, पहिल्या गटात एकही नाही. तेव्हा प्रयोग मध्येच बंद करण्यात आला. आता जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस अशी की, ४१ आठवडे पूर्ण झाल्याची खात्री असेल तर प्रसूती सुरू करावी. ‘खात्री असेल तर’ हे शब्द मी अनुवादात ठळक छापावयास सांगतो, कारण सगळी भिस्त त्या तारखेवर आहे.

रुग्णालयातील सुईला ‘कृत्रिम’ म्हणून नाक मुरडणाऱ्यांस एक सांगावेसे वाटते. शिरेतून थेंबाथेंबाने जाणारे ऑक्सिटोसिन आईच्याच पोषग्रंथीतून स्रवणाऱ्या द्रव्याची प्रतिकृती आहे. व्हिन्सेंट द्यु विग्नो यांनी ते १९५३ साली प्रयोगशाळेत बनविले आणि १९५५ साली त्यांस नोबेल पारितोषिक मिळाले. ‘नैसर्गिक’ या शब्दाने धोका टळत नाही, तसा ‘कृत्रिम’ने तो येतही नाही. तेच औषध घरी बोलावलेल्या अशिक्षित सुईवाल्याने दंडात टोचले, तर मात्रा ताब्यात राहत नाही. गर्भाशय फाटू शकते, मूल गुदमरू शकते. उत्तर भारतात ही चाल आढळून आलेली आहे. त्यापेक्षा एरंडेल बरे.

स्त्रिया घरगुती उपायांकडे वळतात त्यामागे शस्त्रक्रियेचे भय असते, आणि ते भय मूर्खपणाचे म्हणता येत नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातील खासगी रुग्णालयांत शेकडा ४७ च्या वर प्रसूती पोट फाडून होतात. सरकारी रुग्णालयांत हे प्रमाण १४ च्या आसपास आहे. असल्या आकड्यांपुढे ‘डॉक्टरांवर विश्वास ठेवा’ हा उपदेश तोकडा पडतो. तथापि २०२० च्या कोक्रेन आढाव्यात, ज्यात ३४ प्रयोगांतील २१,००० हून अधिक स्त्रिया आहेत, वेळेवर प्रसूती सुरू केल्याने शस्त्रक्रिया वाढल्या नाहीत, किंचित कमीच झाल्या. हे प्रत्येक गर्भिणीस सांगितले गेले पाहिजे. त्याआधी कळा आणण्याचा सौम्य मार्गही विचारावा: तपासणीच्या वेळी डॉक्टर बोटाने गर्भपडदा मोकळा करू शकतात, आणि पुष्कळदा तेवढे पुरते.

आनंदीबाई जोशी यांनी १८८६ साली फिलाडेल्फियात पदवीसाठी जो प्रबंध लिहिला, त्याचा विषय आर्य हिंदूंचे प्रसूतिशास्त्र हा होता. त्यांचे स्वतःचे मूल दहा दिवसांचे होऊन गेले होते. जुने ग्रंथ व नवे शास्त्र एकाच टेबलावर ठेवून तपासणारी ती मराठी स्त्री मला या कामात वारंवार आठवते. येथून ऐंशी-नव्वद किलोमीटरवर दल्ली राजहराच्या लोहखाणी आहेत. तेथील मजुरांनी स्वतःच्या पैशाने व श्रमाने १९८३ साली शहीद रुग्णालय उभे केले. त्यांच्या संघटनेच्या उपाध्यक्षा कुसुमबाई प्रसूतीत दगावल्या, हे त्या निश्चयामागील एक कारण सांगतात. मजुरांना प्रसूतिगृह हवे होते.

शेजारच्या घरी मितानिन आली, तिने ना पंचांग पाहिले ना बाटली. माता-बाल कार्ड मागितले. त्यावर नवव्या आठवड्यातील सोनोग्राफीची नोंद होती. त्याप्रमाणे ४१ आठवडे आणि दोन दिवस झाले होते. मूल किती हलते, हा तिचा दुसरा प्रश्न. उत्तर ऐकताच तिने १०२ क्रमांकास फोन लावला. रुग्णालयात मुलाच्या हृदयाचे ठोके तासभर तपासले, नंतर औषधाने कळा सुरू केल्या. पहाटे मुलगी झाली, शस्त्रक्रियेवाचून. गर्भजल हिरवट झाले होते, असे बाईंनी सांगितले.

बारसे बाराव्या दिवशी झाले. निमंत्रणावर आजीने ज्येष्ठ वद्य लिहविले, सासूबाईंनी आषाढ कृष्ण. छापखान्याच्या माणसाने दोन्ही छापले आणि मध्ये मोठ्या अक्षरांत इसवी तारीख घातली.