भेटीची वेळ : चार ते सहा

आपल्याकडील पुष्कळशा वृद्धाश्रमांच्या दर्शनी भिंतीवर एक पाटी आढळते : ‘भेटीची वेळ, सायंकाळी ४ ते ६’. वरवर पाहता ही पाटी निरुपद्रवी, किंबहुना संस्थेच्या शिस्तीची निदर्शक वाटते. परंतु अंथरुणाला खिळलेल्या वृद्धाच्या दिनक्रमाचा थोडा विचार केला म्हणजे ध्यानात येते की, चोवीस तासांपैकी ज्या दोन तासांत त्याला दुसऱ्याच्या हाताची सर्वांत कमी गरज असते, नेमके तेच दोन तास नातेवाइकांसाठी राखून ठेवलेले आहेत. सकाळचे तोंड धुणे, अंघोळ, दुपारचे जेवण, कूस बदलणे, रात्री अंथरुणावर नीट निजवणे यांपैकी काहीही चार ते सहाच्या दरम्यान घडत नाही. त्या वेळी वृद्ध केस विंचरून, धुतलेले कपडे घालून बसवलेला असतो. भेटीस येणारा पाहुणा ठरतो, आणि पाहुण्याला घराचे आवरलेले रूपच दिसावे हे ओघाने आलेच.

प्रस्तुत लेखकाच्या थोरल्या आत्या आयुष्याची अखेरची दोन वर्षे अशाच एका संस्थेत होत्या. संस्था वाईट नव्हती, हे आधीच सांगितले पाहिजे. विश्वस्त प्रामाणिक होते, खोल्या स्वच्छ होत्या, सेविका मायाळू होत्या. तरीही आत्यांचे वजन महिन्यागणिक उतरत चालले होते. दोष कोणाचा, हे शोधताना शेवटी त्रैराशिकाचाच आधार घ्यावा लागला. त्या मजल्यावर आठ जणींना भरवावे लागे. ज्यांना गिळणे अवघड जाते अशांना मऊ भात घास-घास भरवायचा, ठसका लागला की थांबायचे, पाणी पाजायचे, या साऱ्याला अर्धा तास सहज लागतो. म्हणजे एकूण चार तासांचे काम. सेविका दोघी. प्रत्येकीच्या वाट्यास दोन तास आले; आणि स्वयंपाकघरातून आलेली गाडी तर तासाभरात ताटे घेऊन परत जाई. उरलेल्या निम्म्या कामाचे काय होत असेल, हे सांगण्यास तज्ज्ञाची आवश्यकता नाही. नोंदवहीत मात्र ‘जेवण दिले’ असेच लिहिले जाई, आणि ते खोटेही नव्हते. जेवण दिलेलेच असे.

या मजल्यावर पोस्टातून निवृत्त झालेले एक गृहस्थ रोज बाराच्या ठोक्याला येत. पत्नीला स्वतः भरवण्याचा त्यांचा हट्ट व्यवस्थापकांनी पुष्कळ कुरकुर करून मान्य केला होता. काही दिवसांनी त्यांच्या लक्षात आले की, शेजारच्या खाटेवरील बाईंचे ताट तसेच परत जाते. ते त्यांनाही भरवू लागले. मग एका बाईंची मुलगी आठवड्यातून तीन दिवस दुपारी येऊ लागली. तिने आईबरोबर इतर दोघींचीही नखे कापली, हरवलेली कवळी शोधून दिली, श्रवणयंत्राची बॅटरी संपल्यामुळे एक आजी ‘अबोल’ झाल्या आहेत हे तिच्याच ध्यानात आले. सहा-सात कुटुंबे अशी हळूहळू एकत्र आली. त्यांनी विचारलेला पहिला प्रश्न साधा होता : रात्रीचे जेवण साडेपाचला आणि सकाळचा चहा साडेसातला, मधल्या चौदा तासांत काहीच का नाही? उत्तर मिळायला तीन महिने लागले. जेवण सातला गेले आणि झोपण्यापूर्वी कपभर दूध सुरू झाले. यासाठी संस्थेला आला तो खर्च दुधाचाच.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला येथे अल्बर्ट हर्शमन यांच्या १९७० साली प्रसिद्ध झालेल्या छोटेखानी ग्रंथाची आठवण होते. संस्थेची गुणवत्ता घसरू लागली की तिच्याशी संबंधित माणसांपुढे दोन मार्ग असतात, असे त्यांचे प्रतिपादन आहे : सोडून जाणे किंवा बोलून दाखवणे. वाण्याचा तांदूळ निकृष्ट निघाला की आपण दुसऱ्या दुकानात जातो, हा पहिला मार्ग. बाजारपेठेची सारी शिस्त त्यावर उभी आहे. परंतु हर्शमन यांनी नायजेरियातील रेल्वेच्या उदाहरणावरून दाखवले की, बोलून दाखवू शकणारे ग्राहकच आधी मालमोटारींकडे वळले, तर मागे उरलेल्यांसाठी रेल्वे सुधारत नाही, उलट अधिकच ढासळते. नगरपालिकांच्या शाळांतून सुशिक्षित पालकांनी आपली मुले काढून घेतल्यावर त्या शाळांचे काय झाले, हे आपल्या शिक्षक-वाचकांना वेगळे सांगावयास नको.

वृद्धाश्रमातील निवाशाला हे दोन्ही मार्ग बंद असतात. सोडून जावे तर कोठे? अनामत रक्कम भरलेली, राहते घर बहुधा विकलेले किंवा मुलाच्या संसाराने भरलेले, दुसरीकडे खाट रिकामी असेलच असे नाही. बोलून दाखवावे, तर ज्या हातातून रात्री पाणी घ्यावयाचे त्याच हाताविरुद्ध तक्रार कशी करावयाची? स्मृतिभ्रंश झालेल्याला तर आपली तक्रार आठवतही नाही. त्यात आणखी एक गुंता आहे. सर्वसाधारण बाजारात जो पैसे देतो तोच माल वापरतो. येथे पैसे मुलगा देतो, कधी पुण्याहून तर कधी सातासमुद्रापलीकडून, आणि सेवा आई घेते. ज्याच्याकडे पैशाची ताकद आहे त्याला भाताची चव ठाऊक नाही, आणि जिला चव ठाऊक आहे तिच्या हाती काही नाही. अशा बाजारात स्पर्धा वाढली म्हणजे दर्शनी बाग सुंदर होते. दुपारचे ताट जसेच्या तसे राहते.

म्हणूनच दुपारी बारा वाजता मजल्यावर हजर असणारा नातेवाईक हा त्या निवाशाचा आवाज असतो. त्याचे भरवणे महत्त्वाचे आहेच. पण भरवता भरवता त्याला जे दिसते, ते अधिक महत्त्वाचे. शय्याव्रणाची सुरुवात तपासनिसाच्या वार्षिक भेटीत सापडत नाही, पाठ पुसताना सापडते.

हा प्रश्न आपल्याकडे तुलनेने नवा असला, तरी जेथे वृद्धांची दीर्घकालीन निवासगृहे फार पूर्वीपासून आहेत, तेथे त्याचा विचार कायद्यापर्यंत पोहोचला आहे. कॅनडातील ऑन्टारिओ प्रांताचे उदाहरण घेण्यासारखे आहे. तेथे २००७ साली झालेला आणि १ जुलै २०१० पासून अमलात आलेला कायदा अशा निवासगृहांतील कुटुंबीयांना स्वतःची परिषद स्थापन करण्याचा हक्क देतो; २०२१ च्या नव्या कायद्यातही तो कायम आहे. या परिषदेचे सदस्यत्व रक्ताच्या नात्यापुरते मर्यादित नाही. निवाशाच्या दृष्टीने महत्त्वाची असलेली कोणतीही व्यक्ती, मग ती शेजारीण असो वा जुना मित्र, तिची सदस्य होऊ शकते. चालकांना परिषदेच्या बैठकीस निमंत्रणाशिवाय बसता येत नाही, तिच्या कामात ढवळाढवळ करता येत नाही. परिषदेने एखादी तक्रार वा सूचना मांडली, तर चालकांनी दहा दिवसांच्या आत लेखी उत्तर दिले पाहिजे. परिषद नसेल तेथे ती स्थापण्याचा हक्क आहे, याची आठवण कुटुंबांना वेळोवेळी करून देण्याचे बंधनही चालकांवरच आहे. उपरोक्त कपभर दुधाला लागलेले तीन महिने आणि हे दहा दिवस यांतील अंतर वाचकांनी मोजावे.

याचा अर्थ ऑन्टारिओत सारे आलबेल आहे, असा मुळीच नाही. मार्च २०२० मध्ये कोविडच्या साथीमुळे तेथील निवासगृहांची दारे बहुतेक सर्व भेटकर्त्यांना बंद झाली. संसर्गाच्या दृष्टीने तो निर्णय समजण्यासारखा होता. परंतु रोज येऊन भरवणारी, कूस बदलणारी माणसेही ‘भेटकर्ते’ या एकाच शब्दात मोजली गेली आणि एका दिवसात नाहीशी झाली. त्यातच कर्मचारी आजारी पडले. अखेर सैन्याला पाचारण करावे लागले, आणि पाच निवासगृहांत काम केलेल्या सैनिकी पथकांनी मे २०२० मध्ये दिलेल्या अहवालातील वर्णने वाचवत नाहीत : मदतीसाठी हाका मारणारे आणि ओ न मिळणारे वृद्ध, अस्वच्छ अंथरुणे, झुरळे. पहिल्या लाटेत कॅनडात कोविडने दगावलेल्यांपैकी सुमारे ८० टक्के माणसे अशा निवासगृहांतील होती. हे सर्व नातेवाईक न आल्यामुळे घडले, असे म्हणणे अतिशयोक्तीचे होईल. जुन्या इमारती, एका खोलीत चौघे, अपुरे कर्मचारी ही कारणे आधीपासून होतीच. तथापि, हिशेबात न धरलेले किती श्रम ही व्यवस्था उभी धरून होते, ते त्या काही महिन्यांत उघड झाले. सप्टेंबर २०२० मध्ये ऑन्टारिओने प्रत्येक निवाशासाठी दोघा ‘आवश्यक शुश्रूषकांना’ प्रवेश देण्याचा नियम केला. पाहुणा आणि शुश्रूषक हा फरक सरकारदरबारी असा मान्य झाला.

आपल्या देशात २००७ साली संसदेने आईवडील व ज्येष्ठ नागरिक यांच्या निर्वाहाचा कायदा केला. त्याने मुलांवर पोटगीचे दायित्व टाकले, वृद्धांना टाकून देणाऱ्यास तीन महिन्यांपर्यंत कैद सांगितली, आणि जिल्ह्यागणिक किमान १५० निराधार वृद्धांची सोय होईल अशा आश्रमांची कल्पना मांडली. त्यामागील हेतू उत्तमच आहे. पण या कायद्याच्या दृष्टीने नातेवाईक हा एकतर देणेकरी आहे, नाहीतर गुन्हेगार. आश्रमात येऊन चार घास भरवू इच्छिणाऱ्या, दोन प्रश्न विचारू इच्छिणाऱ्या नातेवाइकाला त्यात स्थान नाही. याउलट २००९ च्या शिक्षणहक्क कायद्याने विनाअनुदानित वगळता इतर शाळांच्या व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश जागा पालकांना दिल्या. सहा वर्षांच्या मुलाला स्वतःसाठी बोलता येत नाही, म्हणून पालकांना खुर्ची. मग शहाऐंशी वर्षांच्या आजीच्या बाबतीत तोच न्याय का लागू होऊ नये? या शालेय समित्यांपैकी कित्येक केवळ वहीवरील सह्यांपुरत्या जिवंत आहेत, हे मान्यच आहे. परंतु सहीसाठी का होईना, पालकाला शाळेत बोलवावे लागते. आणि एखादा चिकट पालक आलाच, तर त्याच्या हाती कायद्याचे कलम असते.

व्यवस्थापकांचे आक्षेप अगदीच पोकळ नाहीत. काही नातेवाईक येतात ते मदतीला नव्हे, तर सेविकांना धारेवर धरायला. वर्षभर न फिरकलेला मुलगा एके दिवशी येऊन चादरीवरील डागाबद्दल आरडाओरडा करतो, असेही दृश्य लेखकाने पाहिले आहे. (अपराधी मन फार मोठ्याने बोलते.) यावर उपाय भेटीची वेळ आखडणे हा नसून, नातेवाइकांना एकत्र आणणे हा आहे. एकेकटा माणूस आपल्या आईपुरते भांडतो, आणि त्याचे भांडण मिटवण्यासाठी त्याच्या आईला चार दिवस अधिक लाड मिळतात. शेजारची खाट होती तशीच राहते. मंडळ मात्र मजल्यापुरते बोलते.

दुसरा धोका अधिक गंभीर आहे, आणि तो नातेवाइकांच्या चांगुलपणातूनच उद्भवतो. सहा कुटुंबे रोज दुपारी भरवायला येतात, असे दिसले की दोनपैकी एक सेविका कमी करण्याचा मोह हिशेबनीस मनाला होणारच. फुकट मिळणारी वस्तू आपण नेहमीच उधळतो. शिवाय ‘कुटुंबाने सेवा करावी’ असे आपण म्हणतो तेव्हा त्या कुटुंबातील कोणी करावी, हे सहसा उच्चारत नाही. राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाच्या २०१९ च्या पाहणीनुसार घरातील माणसांची विनामूल्य देखभाल करणाऱ्यांपैकी स्त्रिया त्या कामी दिवसाला १३४ मिनिटे, तर पुरुष ७६ मिनिटे देत होते. आणि मुळात असे काम करणाऱ्यांत पुरुष थोडे. उद्या वृद्धाश्रमातील दुपार नोकरी सांभाळून सुनांनीच भरून काढावी, अशी रीत पडली तर आपण घरातील अन्याय संस्थेत नेऊन ठेवला, एवढेच होईल. ऑन्टारिओच्या २०२१ च्या कायद्याने प्रत्येक निवाशाला दिवसाकाठी सरासरी चार तास प्रत्यक्ष शुश्रूषा मिळावी, असे उद्दिष्ट ठेवून ३१ मार्च २०२५ ही मुदत घातली होती. हे चार तास पगारी कर्मचाऱ्यांचे; नातेवाइकांचा वेळ त्यात धरलेला नाही. आपल्याकडे नियम करायचा झाल्यास क्रम हाच असावा. आधी सेविकांची किमान संख्या व बरे वेतन ठरावे, आणि मग नातेवाइकांसाठी दार उघडावे. सेविकांच्या घरीही म्हातारी माणसे असतात, आणि ती दिवसभर एकटी असतात, हेही कोणीतरी ध्यानात घ्यावयास हवे.

असा नियम करण्यासाठी दिल्लीकडे पाहण्याची गरज नाही. २००७ च्या कायद्याखाली नियम करण्याचा अधिकार राज्य शासनाला आहेच. निदान शासकीय अनुदान घेणाऱ्या आश्रमांपासून तरी आरंभ करता येईल. नातेवाइकांचे मंडळ, त्याला बैठकीसाठी एक खोली, लेखी प्रश्नाला ठरावीक मुदतीत लेखी उत्तर, आणि जेवणाच्या वेळी प्रवेश, इतक्या बाबी पुरेशा आहेत. आणि ‘नातेवाईक’ या शब्दाची व्याख्या ऑन्टारिओप्रमाणे सैल ठेवावी, असे आवर्जून सुचवावेसे वाटते. त्याचे कारण असे.

पोस्टातून निवृत्त झालेल्या त्या गृहस्थांची पत्नी यंदाच्या उन्हाळ्यात वारली. तेराव्यानंतर ते नेहमीप्रमाणे बारा वाजता आले, तेव्हा त्यांना फाटकापाशी अडवण्यात आले. आता आपले येथे कोणी नाही, असे त्यांना अदबीने सांगण्यात आले. शेजारच्या खाटेवरील ज्या बाईंना ते दीड वर्ष भरवीत होते, त्यांचा एक पुतण्या आहे. तो दूरच्या शहरात असतो आणि दिवाळीला येतो. गृहस्थांनी रीतसर अर्ज केला. छापील अर्जात ‘निवाशाशी नाते’ असा रकाना आहे. त्यात काय लिहावे हे न कळून त्यांनी तो कोराच ठेवला. नाते लिहिलेले नसल्याने अर्ज विश्वस्त मंडळापुढे ठेवावा लागेल, असे कार्यालयाने कळवले आहे. मंडळाची बैठक तीन महिन्यांतून एकदा भरते.