बंदीच्या फलकाआडचे धबधबे

मृगाच्या सरी सह्याद्रीवर स्थिरावल्या की पुण्याच्या पश्चिमेस जाणाऱ्या सर्व रस्त्यांवर शनिवार-रविवारी वाहनांची रीघ लागते. चांदणी चौकातून पौड, मुळशी, ताम्हिणी, जुन्या मुंबई रस्त्याने लोणावळा, खडकवासल्यावरून पानशेत. आणि साधारण त्याच सुमारास, बहुधा एखादी दुर्घटना घडून गेल्यावर, जिल्हा प्रशासनाचा मनाईहुकूम निघतो. हा क्रम आता इतका अंगवळणी पडला आहे की, पावसाच्या अंदाजाबरोबर वेधशाळेने मनाईहुकुमाचाही अंदाज वर्तविण्यास हरकत नसावी.

३० जून २०२४ रोजी लोणावळ्याच्या भुशी धरणामागील प्रवाहात पुण्याच्या एकाच कुटुंबातील पाच जण वाहून गेले; त्यांत लहान मुले होती. त्यापाठोपाठ मावळ, मुळशीसह जिल्ह्यातील अनेक तालुक्यांच्या पर्यटनस्थळी, त्याच आठवड्यात अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १६३ खाली, ३१ जुलैपर्यंत निर्बंध जारी झाले. पुढील वर्षी, १५ जून २०२५ रोजी, तळेगावजवळ कुंडमळा येथे इंद्रायणीवरील जुना लोखंडी पूल गर्दीच्या भाराने कोसळला व चार जणांचा मृत्यू झाला. तो पूल धोकादायक असल्याचा फलक तेथे लावलेला होता. म्हणजे इशारा देण्याचे काम पार पडले होते. तो इशारा अमलात आणणारे मात्र तेथे कोणी नव्हते.

बंदी प्रशासनाला प्रिय असते, याचे कारण आर्थिक आहे. हुकूम टंकलिखित करून प्रसिद्ध करण्यास जवळजवळ काहीच खर्च येत नाही. परंतु खर्च नाहीसा होत नाही, तो दुसऱ्या कोणावर तरी जाऊन पडतो. ताम्हिणीच्या घाटात भाजलेले कणीस विकणारी बाई, घरगुती पिठले-भाकरीवर चार पैसे मिळविणारे कुटुंब, वाटाड्या म्हणून जाणारा आदिवासी तरुण यांचा वर्षाचा हंगाम म्हणजे हेच दहा-बारा आठवडे. शिवाय बंदीचा एक विपरीत परिणाम असा की, कायदा मानणारा सावध माणूस घरी राहतो आणि न मानणारा आडवाटेने जातो. विमाव्यवसायात ज्याला प्रतिकूल निवड म्हणतात, तिचाच हा प्रकार. बंदी असलेल्या धबधब्यावर जे उरतात ते सरासरीने अधिक बेफिकीर असतात, आणि पोलिसांच्या नजरेपासून दूर असल्यामुळे मदतीपासूनही दूर असतात.

ज्याच्या दृष्टीने या प्रश्नाचा फारसा विचार होत नाही, असा एक प्रवासी म्हणजे एकटा निघणारा. पुण्यात त्याची संख्या थोडी नाही. भल्या पहाटे दुचाकीवर निघावे, मुळशीच्या जलाशयाला वळसा घालून ताम्हिणी उतरावे, भिऱ्यापासून जंगलातल्या वाटेने देवकुंडापर्यंत पायी जावे आणि परतताना पालीकडे वळून उन्हेऱ्याच्या गरम पाण्याच्या कुंडात आंबलेले पाय बुडवून बसावे, असा त्याचा दिवस. सोबतीला गोंगाट नाही, मद्य नाही. पेट्रोल आणि चहा-भाकरी सोडल्यास फारसा खर्चही नाही. राष्ट्रीय उत्पन्नाच्या हिशेबात या दिवसाची किंमत एका टाकीभर पेट्रोलाएवढीच धरली जाईल. हॅरल्ड होटेलिंग या अर्थशास्त्रज्ञाने १९४७ साली अमेरिकेच्या राष्ट्रीय उद्यान विभागाला पत्र लिहून सुचविले होते की, उद्यानाला तिकीट नसले तरी तेथे पोचण्यासाठी लोक किती अंतरावरून, किती खर्च सोसून येतात, यावरून त्याचे मोल काढता येते. त्या मापाने देवकुंड व उन्हेरे ही पुणेकरांची मोठीच संपत्ती ठरते. तिची कोणत्याही ताळेबंदात नोंद नाही, म्हणून तिच्या देखभालीची तरतूदही नाही.

तथापि एकट्या प्रवाशाचे कौतुक करताना त्याच्यापुरता असणारा धोका झाकून ठेवणे योग्य नव्हे. घाटातील पाऊस शहरातल्या पावसाच्या अनुभवावरून मोजता येत नाही. जुलै २०२४ च्या अखेरीस ताम्हिणीत २४ तासांत ५५० मिलीमीटरहून अधिक पाऊस झाला. पुणे शहराच्या वर्षभराच्या सरासरीचा हा जवळजवळ पाऊण हिस्सा. माथ्यावर असा पाऊस कोसळत असता पायथ्याशी ऊनही पडलेले असू शकते. कातळावर पाणी मुरत नाही, ते सरळ खाली धावते, आणि सकाळी घोटाभर पाण्यातून ओलांडलेला ओढा दुपारी परतताना छातीएवढा झालेला असतो. पाणी गढूळ होऊ लागले, पालापाचोळा वाहून येऊ लागला, की मागे फिरावे हे गावातल्या पोराला सांगावे लागत नाही; शहरातल्या पदवीधराला ते ठाऊक नसते. एकटा माणूस अडकला तर तो अडकला आहे हेच संध्याकाळपर्यंत कोणाला कळत नाही. त्यानंतर दोर घेऊन अंधारात उतरणारे असतात ते लोणावळ्याच्या ‘शिवदुर्ग मित्र’सारख्या संस्थांचे स्वयंसेवक, स्वतःचा कामधंदा सोडून आलेले. एकट्याचे साहस एकट्याच्याच जोखमीवर असते, हे म्हणणे म्हणूनच टिकत नाही.

या दिवसाचा उत्तरार्ध मात्र निराळे काही शिकवितो. कोकणात उन्हेरे, उन्हवरे, उन्हाळे अशी गावांची नावेच उष्ण पाण्यावरून पडली आहेत. तिकडे जळगाव जिल्ह्यात उनपदेव आहे. वज्रेश्वरी-गणेशपुरीपासून तुरळ-राजवाडी व राजापूरपर्यंत झऱ्यांची ही माळ पसरली आहे. तेथे कोठे ज्वालामुखी धुमसत नाही. पावसाचेच पाणी भूस्तरातील भेगांतून खोलवर जाते, तेथील उष्णतेने तापते आणि पुन्हा वर येते. म्हणजे देवकुंडाचा धबधबा आणि उन्हेऱ्याचा झरा ही एकाच पावसाची दोन रूपे. परंतु झऱ्यापाशी कलम १६३ चा फलक लावण्याची पाळी क्वचितच येते. पाणी तेथे अंगावर धावून येत नाही हे खरे, पण तेवढेच कारण नाही. झऱ्याला कुंड बांधलेले असते, शेजारी देऊळ असते, स्त्री-पुरुषांसाठी वेगळी सोय असते, आणि कोणी कुठे उतरावे, काय करू नये हे पिढ्यानपिढ्या ठरलेले असते. त्या जागेला कोणीतरी धनी आहे. मालक नव्हे, पण राखणदार आहे. धबधब्याला तसा राखणदार नाही. जमीन वनखात्याची, ओढा पाटबंधाऱ्याचा, रस्ता बांधकाम खात्याचा, गर्दी पोलिसांची आणि कचरा तेवढा ग्रामपंचायतीचा.

भिऱ्याच्या परिसरात तर हा विरोधाभास डोळ्यांत भरतो. येथील वीजकेंद्र १९२७ पासून मुळशीच्या पाण्यावर चालते. त्याच धरणाविरुद्ध १९२१ ते १९२४ या काळात सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली मुळशीचे मावळे झगडले. वीज करून सुटलेले पाणी कुंडलिकेत येते आणि त्या विसर्गाच्या वेळा पाहून कोलाडला तराफ्यांचा साहसी व्यवसाय चालतो. तेथे अंगरखा व शिरस्त्राण घातल्यावाचून तराफ्यावर बसता येत नाही, पैसे मोजावे लागतात, बरोबर जाणकार असतो. त्याच खोऱ्यात काही किलोमीटरवर असलेल्या धबधब्यावर मात्र दोनच अवस्था संभवतात: पूर्ण मोकळीक किंवा पूर्ण बंदी.

गॅरेट हार्डिन यांनी १९६८ साली सामाईक साधनसंपत्तीच्या शोकांतिकेचा जो सिद्धान्त मांडला, त्यात खाजगी मालकी किंवा सरकारी जबरदस्ती असे दोनच मार्ग ठळकपणे पुढे आले. एलिनॉर ऑस्ट्रॉम यांनी १९९० च्या आपल्या ग्रंथात स्वित्झर्लंडमधील कुरणे, जपानमधील गावराने, स्पेनमधील कालवे यांच्या आधारे तिसरा मार्ग सप्रमाण दाखविला. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. महाराष्ट्राला तो मार्ग नवा वाटू नये. पांझरा-मोसमच्या काठची फड पद्धती हे त्याचे जुने उदाहरण. अलीकडचे पाहायचे तर साताऱ्याजवळचे कास पठार आहे. फुलांच्या हंगामात तेथे भोवतालच्या गावांची संयुक्त वनव्यवस्थापन समिती शुल्क घेते, आगाऊ नोंदणी होते, दिवसाला ठराविक लोकांनाच प्रवेश मिळतो. त्या व्यवस्थेतही उणिवा राहिल्या, कुंपणावरून अभ्यासकांत वाद झाले. परंतु कासला कोणी मनाईहुकूम हा एकमेव उपाय मानलेला नाही.

देवकुंडासारख्या ठिकाणी हेच करता येईल. गावाच्या नाक्यावर नोंदवही, त्यात नाव आणि परतण्याची वेळ. दुपारनंतर प्रवेश बंद. माथ्यावरील पर्जन्यमापकाचा आकडा दर तासाला नाक्यावर. पाणी चढू लागले की वाट बंद करण्याचा अधिकार गावाच्या समितीला. आणि एकट्याने जाणाऱ्यास वाटाड्या सक्तीचा. ही शेवटची अट एकांतप्रिय प्रवाशाला रुचणार नाही. परंतु दहा पावले मागे चालणारा गावकरी एकांताचा भंग करतो, असे मानण्याइतका नाजूक माणूस सह्याद्रीत जुलैमध्ये न गेलेलाच बरा.

शुल्काला दोन आक्षेप घेतले जातील. निसर्गाला तिकीट लावले तर गरिबाने जायचे कोठे, हा पहिला. त्याचे उत्तर अवघड नाही: गाडीवर आकारणी अधिक, एस.टी.ने येणाऱ्यावर नाममात्र. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. असे पैसे जमतात, पण जातात कोठे, हे कोणालाच कळत नाही. पावतीविना वाहनतळाची वसुली पाहिलेल्या पुणेकराचा हा अविश्वास अनाठायी म्हणता येणार नाही. या बाबतीत जपानचा दाखला उपयुक्त ठरावा. तेथे १९४८ पासून उष्ण झऱ्यांसाठी स्वतंत्र कायदा आहे, आणि झऱ्यावर स्नान करणाऱ्याकडून सर्वसाधारणपणे माणशी दीडशे येन इतका स्नानकर स्थानिक संस्था घेते. तो कशावर खर्च करावा हे कायद्यानेच बांधून दिलेले आहे: झऱ्याच्या उगमाचे रक्षण, स्वच्छता, अग्निशमन, पर्यटनाच्या सोयी. जमा त्याच जागेची आणि खर्चही त्याच जागेवर.

येथे तशीच वाटणी ठरविताना बचाव पथकांचा हिस्सा पहिला असावा. दोर, कप्प्या व स्ट्रेचर यांसाठी स्वयंसेवकांना वर्गणी मागत फिरावे लागू नये. उरलेल्या रकमेचा हिशेब दर महिन्याला ग्रामपंचायतीच्या भिंतीवर लागावा. अर्थात हे सर्व एप्रिल-मे मध्ये, ओढे कोरडे असताना, वनखाते आणि ग्रामसभा यांनी एकत्र बसून ठरवायचे आहे. जूनच्या शेवटच्या आठवड्यात जिल्हाधिकाऱ्यांच्या टेबलावर दुर्घटनेचा अहवाल येऊन पडतो, तेव्हा त्यांच्यापाशी हुकूम काढण्यावाचून दुसरा पर्याय राहिलेला नसतो.